टाचणीचं काळं कापड

सोफेवाले काका घाबरट होते आणि ही गोष्ट त्यांनी कधी कुणापासून लपवली नाही. लपवायला तरी धीर लागतो. विजेचं बटण दाबताना ते डोळे मिटून घेत. फोन वाजला की पलीकडे वाईट बातमीच असणार असं धरून चालत, आणि मग उचलत. दुकानात एखादं गिऱ्हाईक जरा पाय आपटत आलं, तर त्यानं तोंड उघडण्याआधीच काका विचारत, "काय चुकलं?" त्यांची बायको शाळेच्या कचेरीत नोकरीला होती. आवाज खणखणीत, स्वभाव त्याहून खणखणीत. ती म्हणायची, "यांच्या जन्माच्या वेळी कुणीतरी शिंकलं असणार. अजून दचकतायत."

पण सगळ्या भीतींमध्ये थोरली भीती कुत्र्याची. लहानपणी पिठाच्या गिरणीपाशी एका कुत्र्यानं त्यांची पोटरी धरली होती. चावा बरा झाला, नंतर पोटात घेतलेली इंजेक्शनं मात्र डोक्यातून गेली नाहीत. तेव्हापासून कोपऱ्यावर कुत्रं दिसलं की काकांचं एक पाऊल आपोआप मागे पडायचं आणि वाट बदलायची. आणि प्रत्येक कुत्र्याचा मालक त्यांना हसत एकच वाक्य ऐकवायचा, "घाबरू नका हो, चावत नाही तो." या वाक्याची काकांना मनापासून चीड होती. हे कुत्र्यानं स्वतः सांगितलं तर एक वेळ पटेल, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या घरात लेकीनं कुत्री आणून ठेवली.

लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. तिथल्या खोलीत जनावर चालत नव्हतं. "थोडे दिवस सांभाळा ना बाबा," असं म्हणून तिनं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि एक जीव बाहेर काढला. काकांना आधी वाटलं, उंदीर आहे. चिवावा जातीची कुत्री ती, पूर्ण वाढलेली, तरी काकांच्या दोन तळव्यांत मावेल एवढी. अंगापेक्षा कान मोठे आणि कानांपेक्षा डोळे. काकूंनी तिचं नाव टाचणी ठेवलं. म्हणाल्या, "हरवली तर पायात रुतूनच सापडेल."

पहिला आठवडा काका घरात पाय वर घेऊन बसले. टाचणी खाली फरशीवर थरथरत उभी, काका खुर्चीवर थरथरत बसलेले. काकू पर्स खांद्याला लावून मध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघांत कोण कुणाला घाबरतंय ते एकदा ठरवा, म्हणजे मी कामावर जायला मोकळी."

ते ठरलं एका संध्याकाळी. काका पेपर वाचण्याच्या नादात पाय खाली सोडून बसले होते. टाचणी आली, त्यांच्या पावलावर चढली आणि गोल होऊन झोपली. पाय हलवला तर चावेल म्हणून त्यांनी तो हलवला नाही. मग पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, काकूंनी जेवायला हाक मारली, तरी काका हलले नाहीत. आणि कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की ती जागी होईल म्हणून आपण हलत नाही आहोत. भीती गेली नव्हती, तिनं नुसती कूस बदलली होती. इतके दिवस कुत्र्याची भीती वाटत होती, आता तिच्यासाठी वाटू लागली, आणि ही दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी वाईट निघाली.

त्यात भर घातली जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. बिचाऱ्या चांगल्या मनाच्या, सगळं नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी सांगितलं, सोफ्यावरून उडी मारली तरी हिचा पाय मोडू शकतो. गळ्याला पट्टा बांधायचा नाही, श्वासनलिका नाजूक असते, छातीचा पट्टा घ्यायचा. थोडं थोडं पण वेळच्या वेळी खायला द्यायचं. पोट फार वेळ रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते, आधी अंग लुळं पडतं, मग शुद्ध जाते, मग काही सांगता येत नाही. तसं झालं तर हिरड्यांना मध चोळायचा आणि इकडे पळत यायचं. "आणि बसताना बघून बसा," त्या हसत म्हणाल्या. "एवढ्याशा कुत्र्यावर माणूस बसला, अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत."

डॉक्टरीणबाई माहिती देत होत्या आणि काका शिक्षा ऐकावी तसे ऐकत होते. माणसांनी बसावं म्हणूनच तर त्यांनी आयुष्यभर सोफे केले. त्या दिवसापासून त्यांना प्रत्येक सोफा वैऱ्यासारखा दिसू लागला. घरात आणि दुकानात ते पाय न उचलता घासत चालू लागले. कुठंही टेकण्याआधी बसायची जागा तळहातानं चाचपायची सवय लागली, अगदी बँकेतल्या खुर्चीवरही. कामाच्या एप्रनच्या खिशात कात्री आणि खडूबरोबर मधाची छोटी बाटली आली. लोक हसायचे आणि काका त्यांना हसू द्यायचे.

काकू शाळेत जात, म्हणून टाचणी दिवसभर काकांबरोबर दुकानात. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीतला तळमजल्याचा लांबट गाळा. एका भिंतीला लाकडी सांगाडे, दुसरीला कापडाचे तागे, मध्ये काम. वरच्या मजल्यावर गाळ्याचे मालक राहायचे, निवृत्त साहेब. कुठल्या खात्यातून निवृत्त झाले ते कुणाला नीट माहीत नव्हतं, पण साहेब होते एवढं खरं. पूर्वी रोज सकाळी काठी टेकत खाली यायचे, दुकानातल्या स्टुलावर बसून पेपर वाचायचे आणि जगात काय काय चुकतंय ते काकांना सांगायचे. टाचणी आली आणि साहेबांचं खाली येणं बंद झालं. ते अर्ध्या जिन्यात थांबत आणि तिथूनच काठी आपटून ओरडत, "सोफेवाले! ते भुंकणं बंद करा, नाहीतर गाळा खाली करा!"

खरं म्हणजे टाचणी भुंकायची म्हणजे किती? दार करकरल्यासारखा आवाज. पण गाळा खाली करा म्हटल्यावर काकांना एकच दिसू लागलं. या वयात दुसरी जागा कुठं शोधायची? साहेबांशी चार शब्द बोलावेत, असं काकूंनी सुचवलं. काकांना ते चार शब्द जमले नाहीत. त्यापेक्षा कुत्रीला गप्प करणं सोपं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

आणि इथं त्यांनी जे केलं ते फार चांगलं केलं, हेच त्याचं वाईट.

सोफ्याच्या तळाला एक पातळ काळं कापड ठोकतात, आतले पट्टे आणि स्प्रिंगा दिसू नयेत म्हणून. सोफ्याचं ते शेवटचं काम. काकांनी त्याच ताग्यातला एक तुकडा फाडून घेतला. टाचणीनं तोंड उघडलं की ते तिच्यावर तो तुकडा घालायचे आणि हळूच "शू" म्हणायचे. गप्प राहिली की कापड उचलून उकडलेल्या चिकनचा कण. मग काकांनी आणखी एक गोष्ट जोडली. कुठलंही काम पुरं झालं की सोफ्याच्या लाकडावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकून बघायचं, ही त्यांची जुनी सवय. सांधा ढिला असला तर आवाज भद्द येतो. तेच दोन ठोके टाचणीला खूण म्हणून शिकवले. अंधार झाला की गप्प, टकटक झाली की मोकळी. डोळ्यांत पाणी येईल इतक्या लवकर ती शिकली. पुढं पुढं तर पिना मारायच्या गनची हवेची मोटर सुरू झाली, की ती आपणहून एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसायची. जाताना तोंडात पिवळ्या फोमचा एक तुकडा न्यायची. तो तिचा होता, तो कुणी घ्यायचा नाही.

साहेबांची काठी थांबली. काका काकूंना म्हणाले, "बघ, न बोलता सुटलं की नाही?"

त्या दिवशी घाई होती हेडबाईंच्या सोफ्याची. हेडबाई म्हणजे लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. पण काकांच्या लेखी काही माणसं निवृत्त होतच नाहीत. शिवण वाकडी दिसते म्हणून त्यांनी पाठीचं कापड दोनदा उसवायला लावलं होतं. आज संध्याकाळी त्यांच्याकडे नवे व्याही-विहीण पहिल्यांदा येणार होते आणि सोफा दुपारच्या आत हवा होता. सकाळपासून त्यांचे फोन चालू होते. प्रत्येक फोनबरोबर काकांचे हात अधिकच चुकत होते.

तळाचं कापड ठोकायला सोफा पाठीवर आडवा पाडला होता. रुंद हातांचा सोफा. असा हात म्हणजे आतून पोकळ खोकंच असतं, वरून फोम आणि कापड, खालून उघडं. काकांनी मोटर सुरू केली आणि काळं कापड ताणून पिना मारत गेले. उजव्या हाताच्या तोंडाशी त्यांना आत पिवळं काहीतरी दिसलं. फोमचा कपटा राहिला असेल, राहू दे, असं म्हणून त्यांनी त्यावरून कापड ओढलं. तेवढ्यात फोन वाजला, दारात टेंपोवाला हॉर्न देऊ लागला आणि दोघांनी मिळून सोफा सरळ करून त्याला चारही बाजूंनी जाड प्लॅस्टिक गुंडाळलं. लाकडावर ठोकून बघायचं राहिलं. ते राहिल्याचंही काकांच्या लक्षात आलं नाही. टेंपो गेला तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं आणि टाचणीची वाटी काढली. तिच्या खाण्याची वेळ टळत आली होती.

त्यांनी काम करायच्या फळीवर टकटक केलं. मोटर बंद होती, आवाज स्वच्छ गेला. टाचणी आली नाही.

पुन्हा ठोकलं. मग नावानं हाक मारली. मग तागे हलवले, सांगाडे सरकवले, फोमचा ढीग उपसला. पाय मात्र घासतच चालत होते, न जाणो पायाखाली असली तर. दुकानाचं दार टेंपोपायी उघडं राहिलं होतं. काका तसेच एप्रन घालून रस्त्यावर आले. कोपऱ्यावर चार मोठी कुत्री उन्हात पसरली होती. ज्या कोपऱ्यावरून ते कधी जात नसत तिथं ते गेले, कुत्र्यांच्या अगदी जवळ, आणि त्यांच्या तोंडांकडे बघत राहिले. काही लागलेलं तर नाही ना? कुत्र्यांनी जांभई दिली. गटाराच्या जाळीतून त्यांनी खाली पाहिलं. वर आकाशात एक घार फिरत होती, तिच्या पायांत काही आहे का ते त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

शेवटी जिना चढून त्यांनी साहेबांचं दार वाजवलं. एरवी हे धाडस त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. साहेबांनी दार बोटभर उघडलं.

"साहेब, आमची कुत्री... वर आली का?"

"वर? वर कशाला येईल?" साहेबांनी दार आणखी लोटून घेतलं. "आणि आज तर तिचा आवाजही नाही सकाळपासून. चांगली सवय लावलीत तुम्ही."

चांगली सवय. काका जिना उतरत होते आणि ते शब्द त्यांच्या कानात राहिले. खाली आले. फळीवर टाचणीचं काळं कापड घडी करून ठेवलेलं होतं, तसंच. म्हणजे ती कापडाखाली नव्हती. मोटर सुरू होती तेव्हा ती कुठं गेली असेल? अंधारात. दुकानात अंधार कुठं होता? सगळे सांगाडे उघडे होते. आडव्या सोफ्याच्या पोकळ हातात अंधार होता. आणि तिथं पिवळं काहीतरी होतं. काका सोफ्याच्या हातांना पिवळा फोम कधी लावत नसत. पांढरा लावत.

ते मटकन खाली बसले आणि टाचणी आल्यापासून पहिल्यांदा जागा न चाचपता बसले.

आपण तिच्यावर काळं कापड घातलं. त्याच ताग्यातलं, त्याच वासाचं. अंधार झाला. तिनं काय समजायचं ते समजलं आणि शहाण्यासारखी गप्प बसली. ती आता ठोक्यांची वाट बघत असणार. वरून प्लॅस्टिक, उघडा टेंपो, डोक्यावर ऊन, पोट रिकामं. ओरडली असती तर टेंपोवाल्याला तरी ऐकू गेलं असतं. पण ओरडायचं नाही, हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

हेडबाई फोन उचलेनात. टेंपोवाल्यानं उचलला. "पोचवला की काका, कधीच! प्लॅस्टिक काढू का विचारलं, तर बाई म्हणाल्या, राहू दे, पाहुणे येईपर्यंत धूळ बसेल. का हो, काय झालं? आवाज असा का येतोय?"

काकांनी फोन ठेवला. स्कूटर काढताना किल्ली तीनदा पडली. एरवी ते स्कूटर अशी चालवायचे की सायकलवाले पुढं जात. त्या दिवशी त्यांनी लाल दिवा ओलांडला, मागून शिव्या आल्या, आणि त्या भल्या माणसाला सवयीनं मान वळवून "माफ करा" म्हणताना ते समोरच्या बसवर आदळता आदळता राहिले. सगळा रस्ता त्यांच्या डोक्यात एकच विचार, हवा. ते काळं कापड विरळ असतं, त्यातून हवा जाते. प्लॅस्टिकमधून जात नाही. कापडातून जाते, प्लॅस्टिकमधून जात नाही. असं घोकत ते हेडबाईंच्या दारात पोचले.

दिवाणखाना लख्ख आवरलेला. मध्यभागी प्लॅस्टिकमध्ये चकाकणारा सोफा. आणि सोफ्याच्या उजव्या हातावर हेडबाईंचे बंधू बसले होते. चांगले भरभक्कम गृहस्थ, फोनवर बोलत, एक पाय हलवत. त्यांच्या वजनानं प्लॅस्टिक करकरत होतं.

"उठा!" काका ओरडले.

असं ते जन्मात कुणावर ओरडले नव्हते. बंधू ताडकन उठले. आतून हेडबाई आल्या.

"हा काय प्रकार आहे, सोफेवाले?"

काकांची बोबडी वळली. तोंड उघडलं तर नुसतं त-त-प-प. त्यांनी खिशातून कात्री काढली, तेव्हा बंधूंनी फोन बंद केला आणि दोन पावलं मागे सरकले.

"आत... माझी... कुत्री आहे, बाई. या हातात. माझ्याकडून शिवली गेली. लेकीची आहे. मला हा फाडावा लागेल."

"संध्याकाळी माणसं यायची आहेत माझ्याकडे!" हेडबाई म्हणाल्या. मग थांबून त्यांनी कान दिला. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही. "अहो, काहीतरीच काय? आत असती तर भुंकली नसती का एवढ्या वेळात?"

"नाही भुंकणार," काका म्हणाले. "तिला तसं शिकवलंय. मीच शिकवलंय."

"कशाला?"

"वरचे साहेब रागावतात म्हणून."

हेडबाई त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. जन्मभर वर्गच्या वर्ग गप्प बसवलेली बाई ती. पुढं होऊन त्यांनी स्वतःच प्लॅस्टिकचं टोक धरलं आणि भावाला म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलास? धर."

प्लॅस्टिक निघालं. काका गुडघ्यांवर बसले, सोफ्याच्या पायाजवळच्या उघड्या लाकडावर त्यांनी पेर टेकवलं आणि ते तसेच राहिले. ठोकायचा धीर होईना. ठोकलं आणि आतून काही आलं नाही, तर मग पुढं काय? ठोकलं नाही तोवर ती आत जिवंत होती.

त्यांनी ठोकलं. टक, टक.

काही नाही. काकांनी पुन्हा ठोकलं, दोनदाच, नेहमीसारखं, म्हणजे तिला कळेल. काही नाही. बंधू हळूच म्हणाले, "बाहेर कुठंतरी असेल हो, मिळेल." काकांना त्यांचा राग आला नाही, रडू आलं. डोळे पुसायलाही न थांबता त्यांनी दोघांच्या मदतीनं सोफा पाठीवर निजवला, अगदी हळू, झोपलेलं मूल निजवावं तसा, आणि पिना न उपटता कापडच टरकावलं.

आत पिवळा फोमचा तुकडा होता. त्याच्यावर हनुवटी ठेवून टाचणी पडली होती. डोळे अर्धे उघडे. काकांनी तिला काढलं तर मान लोंबली. अंग गरम, पाय लुळे. काकांना त्या क्षणी दुसरं काही आठवलं नाही, फक्त डॉक्टरीणबाईंचं बोलणं शब्दन् शब्द आठवलं. मधाची बाटली. झाकण उघडेना. हेडबाईंनी ते हिसकावून उघडलं. काकांनी तिचा ओठ उचलून हिरड्यांवर मध चोळला. पुन्हा चोळला. "ऊठ गं, संपलं काम," ते म्हणत राहिले. "संपलं गं, ऊठ."

हेडबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि शेजारी जमिनीवर बसून तिचे पंजे पुसू लागल्या. बंधूंनी टीपॉयवरच्या मासिकानं वारा घालायला सुरुवात केली. तिघं मोठी माणसं फाटक्या सोफ्यापाशी बसून एवढ्याशा तोंडाकडे बघत होती. मग जीभ हलली. आधी वाटलं भास आहे. पुन्हा हलली, आणि मधाचं बोट चाटलं.

काका ढसाढसा रडले, हेडबाईंसमोर, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, कान तपासले, छाती ऐकली. म्हणाल्या, मध चोळलात म्हणून वाचली. संध्याकाळी लेकीचा नेहमीचा फोन आला. काकू म्हणत होत्या, उद्या सांगा, आज कशाला. काकांनी आजच सांगितलं, सगळं, ठोके विसरल्यापर्यंत. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही फार घाबरला असाल ना?" काका म्हणाले, "हो गं." हेडबाईंच्या पाहुण्यांनी त्या संध्याकाळचा चहा सतरंजीवर बसून घेतला म्हणे. सोफा काकांनी नंतर नव्यानं करून दिला. या वेळी हेडबाईंनी शिवण तपासली नाही.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण टाचणी भुंकेना.

खाऊ लागली, पळू लागली, काकांच्या पावलावर झोपू लागली. आवाज मात्र नाही. दार वाजलं तरी नाही, शेपटी दारात अडकली तरी नाही, नुसती बघायची. काकांना रोज नवं दृश्य दिसायचं: ती कुठंतरी अडकली आहे, पडली आहे आणि शहाण्यासारखी गप्प आहे. त्यांची झोप उडाली. काळं कापड त्यांनी जाळलं. मग तिच्यापुढं बसून विनवलं, "भुंक की गं एकदा. काही म्हणणार नाही तुला कुणी." ती मान कलती करून ऐकायची.

शेवटी एका सकाळी काकांनी दुकानाचं दार लोटलं, टाचणीसमोर हातापायांवर बसले आणि स्वतः भुंकले. आधी बारीक. मग जरा मोठ्यानं. डोक्यावर टक्कल पडलेला माणूस, एप्रनच्या खिशात खडू, आणि जमिनीवर रांगत भू-भू करतोय. टाचणी चकित होऊन दोन पावलं पुढं आली. काकांना हुरूप आला. ते आणखी जोरात भुंकले.

वर काठी आपटली. मग जिन्यात पावलं वाजली. ती अर्ध्या जिन्यात थांबली नाहीत. साहेब इतके चिडले होते की थेट दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले.

"सोफेवाले! आता तुम्ही भुंकायला लागलात?"

काका उठले. पाय लटपटत होते. टाचणी त्यांच्या पावलापाशी होती आणि ते थरथरणं तिच्यापर्यंत पोचत होतं.

"हो साहेब," ते म्हणाले. "तिला परत भुंकता येईपर्यंत मलाच भुंकावं लागणार. गाळा खाली करायचा तर... तर तसं सांगा. पण आता तिला गप्प नाही करणार मी."

साहेबांनी काठी उचलली आणि एक पाऊल आत टाकलं. आणि टाचणी भुंकली.

दार करकरल्यासारखा तोच आवाज. एकदा, मग पुन्हा पुन्हा, पुढचे पाय उचलून, सगळं अंग हलवून, साहेबांच्या बुटांकडे बघत. काकांच्या डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं. पण त्या धुक्यातूनही त्यांना साहेबांचा पाय दिसला. एक पाऊल आपोआप मागे पडलं होतं. काठी आडवी झाली होती, पोटरीच्या पुढं.

ते पाऊल काकांच्या चांगलं ओळखीचं होतं. मग सगळंच उलगडलं: अर्ध्या जिन्यात थांबणं, बोटभर उघडलेलं दार, खाली यायचं बंद झालेलं.

"घाबरू नका साहेब," काका म्हणाले, "चावत नाही ती."

हे वाक्य आपल्या तोंडून निघालं म्हणून ते स्वतःच दचकले. मग त्यांनी भुंकणाऱ्या टाचणीला उचलून कडेवर घेतलं, कोपऱ्यातलं साहेबांचं जुनं स्टूल पुढं ओढलं, तळहातानं नीट चाचपलं आणि साहेबांपुढं सरकवलं.